सल्ल्याचा आकडा आणि मर्यादेचा आकडा

मिरकरवाडा असो की ससून डॉक, बंदरावर ‘कोटा’ म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो डिझेलचा कोटा. वर्षाला किती टन मासळी काढायची, अशी मर्यादा आपल्या किनाऱ्यावर नाही. आपला मोठा नियम काळाचा आहे: १ जून ते ३१ जुलै, बोटी बंद. त्यामुळे युरोपातल्या समुद्राबद्दल वाचताना ‘शास्त्रज्ञांनी यंदाचा कोटा ठरवला’ असं वाक्य आपण सहज लिहून जातो. पण शास्त्रज्ञ कोटा ठरवत नाहीत. ते सल्ला देतात, आणि मर्यादा ठरवतात मंत्री. दोन्ही आकडे टनांत असतात, एकाच माशाचे आणि एकाच वर्षाचे असतात, म्हणून ते एकच वाटतात.

बाल्टिक समुद्राचं उदाहरण घेऊ. त्याच्या काठावर युरोपीय संघातले आठ देश आहेत, आणि नववा रशिया. मासा कुठल्याच देशाचा नाही, आज पोलंडच्या पाण्यात तर उद्या स्वीडनच्या. म्हणून हिशेब एकत्र करावा लागतो.

सल्ला येतो कोपनहेगनहून. १९०२ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषद, ‘आयसीईएस’, तो साधारण मे महिन्याच्या शेवटी देते. त्या आकड्याची सुरुवात फार लहान गोष्टीपासून होते. ढोमा खाताना डोक्यातला पांढरा खडा दाताखाली आलेला कोकणात कोणाला आठवत नाही? तो माशाच्या कानातला खडा. बाल्टिकमधल्या हेरिंग नावाच्या माशाचा खडा जेमतेम काही मिलिमीटरचा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात आणि त्यावरून माशाचं वय मोजतात. असे हजारो खडे, सर्वेक्षण जहाजांनी ध्वनिलहरींनी घेतलेला थव्यांचा अंदाज आणि बंदरांत उतरलेल्या मासळीच्या नोंदी, या सगळ्यांवरून अंडी घालण्याजोगा साठा किती उरलाय ते काढलं जातं. मग परिषद सांगते: साठा टिकवायचा असेल तर पुढच्या वर्षी यापेक्षा जास्त काढू नका. हे ‘असेल तर’ महत्त्वाचं आहे. सल्ला म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. तो कोणावर बंधनकारक नाही.

मर्यादा ठरते लक्झेंबर्गला, ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात, साधारण ऑगस्टच्या अखेरीस, युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी संस्था, आपला प्रस्ताव मांडतो. मग सदस्य देशांचे मत्स्यव्यवसाय मंत्री बसतात आणि पात्र बहुमताने, म्हणजे देशांची संख्या आणि लोकसंख्या दोन्ही धरून मोजलेल्या बहुमताने, आकडा पक्का करतात. युरोपीय संसदेला यात मत नाही. हा आकडा मात्र कायदा असतो. त्याचे ठरलेल्या टक्केवारीने देशवार वाटे पडतात, आणि कोटा हे नाव खरं तर त्या वाट्याचं.

दोन आकड्यांत किती अंतर पडू शकतं, ते पश्चिम बाल्टिकच्या हेरिंगने दाखवलं. हा मासा आपल्या तारलीच्या गणातला, तसाच चांदीसारखा चकाकणारा, थव्याने फिरणारा. जर्मनीच्या र‍्युगन बेटाजवळच्या उथळ पाण्यात तो वसंतात अंडी घालतो. पाणी आता लवकर तापतं, पिल्लं लवकर बाहेर येतात आणि त्यांचं खाद्य तयार होण्याआधीच उपाशी मरतात. २०१९ सालासाठी शास्त्रज्ञांनी सल्ला दिला: शून्य. मंत्र्यांनी ठरवले ९,००१ टन. पुढल्या वर्षी सल्ला पुन्हा शून्य, मर्यादा ३,१५० टन. मग १,५७५. २०२२ साठी ७८८ टन, आणि मुद्दाम हेरिंग धरायची सूट राहिली ती मुख्यतः १२ मीटरहून लहान, स्थिर जाळी लावणाऱ्या बोटींना. शून्याकडे जायला इतकी वर्षं लागली, आणि या काळात सल्ला बदललेला नव्हता. शिवाय हाच मासा मोठा होऊन डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्यामधल्या स्कागेराकच्या पाण्यात जातो, आणि तिथली मर्यादा नॉर्वेशी वेगळी बोलणी करून ठरते. एक मासा, दोन टेबलं.

तरी प्रत्येक अंतर म्हणजे मंत्र्यांचा बेजबाबदारपणा, असं मी म्हणणार नाही. पूर्व बाल्टिकचा कॉड हा मासा पाहा. २०२० साठी सल्ला शून्य होता, मर्यादा २,००० टन ठेवली गेली, तीही फक्त दुसऱ्या माशांबरोबर जाळ्यात आपोआप येणाऱ्या कॉडसाठी. युरोपीय संघात मर्यादा असलेला मासा समुद्रात परत फेकायला सर्वसाधारण बंदी आहे. त्यामुळे मर्यादा अगदी शून्य ठेवली तर चपटे मासे धरणाऱ्या बोटीला पहिला कॉड जाळ्यात येताच काम थांबवावं लागेल. हे कारण मला पटतं. २०२१ साठी ती मर्यादा ५९५ टनांवर आली. हेरिंगच्या ९,००१ टनांना मात्र असं कारण पुरत नाही. हेरिंगचे थवे बोटी शोधूनच धरतात.

दोन आकडे शेजारी ठेवताना आणखी एक खबरदारी. सल्ला माशाच्या संपूर्ण साठ्याबद्दल असतो, मर्यादा फक्त युरोपीय संघाच्या बोटींसाठी. मध्य बाल्टिकचं हेरिंग आणि स्प्रॅट हा छोटा मासा यांत रशियाचाही वाटा असतो आणि तो आधी वजा होतो. म्हणून मर्यादा सल्ल्यापेक्षा थोडी कमी दिसली, तर मंत्र्यांनी फार काटकसर केली असा निष्कर्ष लगेच काढू नये. सॅमन तर टनांत मोजतच नाहीत, नगांवर मोजतात.

अंतर कमी झालं तर काय होतं, तेही एका मोठ्या माशाने दाखवलंय. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिन ट्यूनाचा हिशेब माद्रिदचा आंतरराष्ट्रीय ट्यूना आयोग ठेवतो. २००६ साली शास्त्रज्ञ १५,००० टन किंवा त्याहून कमी म्हणत होते, आणि २००७ साठी मर्यादा ठरली २९,५०० टन. त्यात चोरटी मासेमारी इतकी, की प्रत्यक्षात ६१,००० टनांच्या आसपास मासा निघाला असावा असा शास्त्रज्ञांचाच अंदाज होता. बाजारातून हा मासा हद्दपार करण्याची मागणी होऊ लागली, तेव्हा २०१० साठी मर्यादा १३,५०० टनांवर आली आणि नंतर काही वर्षं त्याच सुमाराला राहिली. साठा सावरला. २०२३ ते २०२५ या वर्षांसाठी मर्यादा होती वर्षाला ४०,५७० टन, शास्त्रज्ञांच्या संमतीने.

बाल्टिकची बातमी वाचताना आधी महिना बघा. मे-जूनमधला आकडा सल्ल्याचा, ऑगस्टच्या अखेरचा प्रस्तावाचा, ऑक्टोबरचा मर्यादेचा. आणि त्यापुढे एखाद्या देशाचं नाव असेल, तर तो कोटा.