सव्वाशे वर्षांची खरखर

घरातल्या जुन्या रेकॉर्ड संगणकात उतरवून घेणं वरवर सोपं वाटतं. एक टर्नटेबल, एक वायर आणि ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर, की झालं. मग कळतं की एका तबकडीचा आवाज पत्र्यासारखा येतोय, दुसरीतला गायक उगाचच चढ्या सुरात गातोय. संगणकाला दोष देऊन उपयोग नाही. तबकडी कापली गेली तेव्हा काय काय ठरलं होतं, ते आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे हे सगळं 1902 साली सुरू झालं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. मूळ मुद्रणं छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायची. कुठलं गाणं कोणाचं हे तिथल्या कामगारांना कळावं म्हणून गायक-गायिका शेवटी आपलं नाव सांगत. 1908 मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, पुढे ही प्रथा मागे पडली. फाईल 'स्वच्छ' करताना हे शेवटचं बोलणं कापून टाकणारे महाभाग आजही भेटतात!

सगळ्यात जास्त घोळ वेगाचा. मिनिटाला 78 फेरे हे प्रमाण नंतर रूढ झालं. सुरुवातीच्या तबकड्या कधी 70, कधी 80 फेऱ्यांनी, तर कधी त्याहून वेगाने कापल्या जात. वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी सहात जाऊन बसतो. लेबलवर 78 छापलंय म्हणून त्यावर विसंबू नये. गायकाची पट्टी ठाऊक असेल तर पेटी जवळ घेऊन वेग जुळवावा. इथे सॉफ्टवेअरपेक्षा कान जास्त कामाचे.

या तबकड्या लाखेच्या. स्पिरिटने पुसल्या तर पृष्ठभाग विरघळतो, हे पुसण्याआधी कळलेलं बरं. त्यांची खाचही रुंद, म्हणून सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे तीन हजारांश इंच लागते. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हायनल या प्लास्टिकची, जास्त वेळ वाजणारी एलपी आणली, तिच्या सुईचं टोक एक हजारांश इंचाचं किंवा त्याहून बारीक. ही सुई लाखेच्या तबकडीवर टेकवली की ती खाचेच्या तळाशी, नेमकी धूळ साठते तिथे घासत जाते.

पत्र्यासारख्या आवाजाचं कारण निराळं. खर्जाचे सूर आहेत तसे कापले तर खाच इतकी हेलकावते की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कापताना खर्ज दाबत आणि वरचे सूर उचलून धरत, वाजवताना उलटं करायचं. हे प्रमाण किती, ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवी. 1954 च्या सुमाराला आरआयएए नावाचं एकच प्रमाण सर्वमान्य होत गेलं. टर्नटेबल फोनो प्रीअॅम्पशिवाय (ही दुरुस्ती करून आवाज वाढवणाऱ्या यंत्राशिवाय) थेट संगणकाला जोडलं की ही उलटी दुरुस्ती होत नाही. शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट, त्यामुळे आवाजही मरतुकडा येतो.

घरोघरी बदल आधी कॅसेटने केला. ऐंशीच्या दशकात अनेकांनी आपल्या रेकॉर्ड टेपवर उतरवून घेतल्या. आता काही जण त्याच कॅसेटवरून फाईल करतात, ते मात्र नाइलाज असेल तरच करावं. 1982 च्या सीडीने आवाज आकड्यांत उतरवण्यासाठी 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट हे माप पक्कं केलं. नव्वदच्या दशकात साध्या साउंडकार्डांनाही ते जमू लागलं. 2000 मध्ये ऑडॅसिटी आली, आणि मग काही वर्षांतच यूएसबीची टर्नटेबलं. दरम्यान 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली होती, तिने जुन्या तबकड्यांची माहिती नेटाने जमवली.

खरखर काढण्याचे प्रयोगही जुने. अमेरिकन अभियंते थॉमस स्टॉकहॅम यांनी इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोच्या तबकड्यांवर संगणकाने केलेलं काम 1976 मध्ये बाजारात आलं. आज तेच काम घरी एका बटणावर होतं, पण तबल्याच्या चाटेवरचा ठोका आणि चऱ्याचा टक यांतला फरक यंत्राला दर वेळी कळत नाही. आधी न पुसलेली मूळ फाईल वेगळी ठेवावी. मोनो तबकडी स्टिरिओ सुईने वाजवली असेल तर दोन्ही बाजू एकत्र करून पाहाव्यात. खाचेतल्या वरखाली हालचालीचा गोंगाट त्यात आपसूक कमी होतो.

फाईल घरात ऐकायची तर प्रश्न नाही. इंटरनेटवर चढवायची असेल तर भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, आणि गीत व चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. त्यामुळे 1935 ची तबकडी मोकळी झालेली असली तरी तिच्यावरचं पद मोकळं झालंय की नाही, ते वेगळं तपासावं लागतं.