न निघालेले दोन अंक

इंद्रजाल कॉमिक्स, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचे जुने चित्रकथांचे अंक, जमवणाऱ्या माणसासमोर १२३ आणि १२४ हे आकडे नुसते उच्चारून बघा. तो एक तर हसेल, नाहीतर कपाळाला हात लावेल. मी हे दोन अंक पाच-सहा वर्षं शोधत होतो. रद्दीच्या गठ्ठ्यांत १२२ सापडला, पुढे कधीतरी १२५ सापडला, मधले दोन मात्र कुठेच नाहीत. वहीत त्यांच्यापुढे लाल फुल्या. शेवटी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या एका काकांनी ती वही पाहिली आणि म्हणाले, "अरे, ते निघालेच नाहीत. टाइम्समध्ये तेव्हा संप होता." संपाच्या काळातले अंक छापलेच गेले नव्हते आणि पुढच्या अंकाने मात्र क्रमांक सोडून उडी घेतली होती.

तेव्हापासून मला एक नाद लागला. संग्रहात जिथे क्रमांक तुटतो तिथे थांबायचं. गोष्टींपेक्षा ही खिंडारंच जास्त बोलतात.

इंद्रजाल सुरू झालं मार्च १९६४ मध्ये. प्रकाशक टाइम्स ऑफ इंडियावाले, म्हणजे बेनेट, कोलमन आणि कंपनी. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे. ली फॉकने १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी सुरू केलेला फँटम, जंगलात राहणारा, लोक अमर समजतात असा मुखवटाधारी नायक, टाइम्सच्या घरात नवखा नव्हता, त्यांच्याच 'इलस्ट्रेटेड वीकली' या साप्ताहिकात तो आधीपासून येत होता. स्वतंत्र अंक काढताना त्याच्यावरच भिस्त ठेवली गेली. पहिले ३२ अंक फक्त त्याचेच होते. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर ही मंडळी नंतर आली.

इथे आणताना त्याच्यावर थोडी कात्रीही चालली. वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या उभ्या पानात बसवायच्या म्हणजे चौकटी कापणं, ताणणं आलंच. नावंही बदलली. मूळ कथेतला फँटमचा 'बंगाला' देश, जो आधी आशियात कुठेतरी होता आणि पुढे आफ्रिकेत सरकला, तो आपल्याकडे 'देनकाली' झाला. समुद्री चाच्यांची 'सिंग' टोळी 'सिंगा' झाली. कारण सांगायची गरज नाही. या देशात त्या नावाचे खलनायक रंगवून अंक खपवणं अवघडच होतं.

आणि फँटमचा 'वेताळ' झाला. हे नाव ज्या कुणाला सुचलं त्याला माझा दंडवत. चांदोबा वाचणाऱ्या पोरांना वेताळ माहीत होता, पण तो झाडावर लोंबकळणारा, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. जांभळ्या कपड्यातला, कवटीच्या अंगठीवाला हा वेताळ पाहून आम्ही पहिल्यांदा गोंधळलो होतो. आमच्या आजीला मात्र काहीच नवल वाटलं नाही. ती मूळची वेंगुर्ल्याकडची. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री शिवेवरून फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. जो मरत नाही, रात्री फिरतो आणि मुलखाची राखण करतो, त्याला वेताळ नाही तर काय म्हणायचं? इंग्रजी नावापेक्षा मला हे नाव आजही जास्त चपखल वाटतं.

दुसरं खिंडार अमर चित्र कथेतलं. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात टाइम्समध्ये असलेले अनंत पै तिथून बाहेर पडले आणि १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसकडून त्यांनी ही मालिका उभी केली. दिल्लीतल्या प्रश्नमंजुषेचा किस्सा ते स्वतः सांगत: मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं, पण रामाच्या आईचं नाव आलं नाही. मालिकेतलं गाजलेलं पहिलं पुस्तक 'कृष्ण'. पण त्याचा क्रमांक १ नाही, ११ आहे. नव्याने जमवायला लागलेले लोक आधीच्या दहा पुस्तकांत रामायण-महाभारत शोधतात आणि हाती लागते सिंड्रेला. पहिली दहा पुस्तकं परदेशी परीकथांची होती, तीही कन्नडमध्ये. म्हणजे ज्या मालिकेला आपण अस्सल देशी म्हणतो, तिचा पाया दहा परक्या गोष्टींवर आहे.

'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची. पुढे 'टिंकल' या मुलांच्या मासिकातला वेंधळा सुप्पंडीही त्यांच्याच हातचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेसाठी काढलं आणि नंतर दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज वर्षानुवर्षं काढला. शाळेत असताना यांतलं एकही नाव मला माहीत नव्हतं. आम्ही नायक ओळखायचो, चित्रकार नाही. आज मात्र नुसता हाताचा पंजा किंवा घोड्याची मान पाहून अंक कुणाचा ते सांगणारे लोक आहेत, आणि माझ्या मते खरा जमवणारा तोच. इंद्रजालच्या मुखपृष्ठांबाबत तर हे शंभर टक्के खरं. आतल्या चौकट्या अमेरिकेतून यायच्या, पण बाहेरचं रंगीत चित्र अनेकदा बी. गोविंद यांचं असायचं. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' आला तेव्हा गोविंद आतल्या पानांतही उतरले. केशरी कुडता, निळी जीन्स, चंबळच्या डाकूचा मुलगा. इंद्रजालला स्वतःचा नायक मिळाला तो असा.

तिसरं खिंडार माणसांनी पाडलेलं. हे अंक विकत घेणारे थोडे, वाचायला नेणारे फार. गल्लीतल्या लायब्ररीत कॉमिक्स दिवसाच्या भाड्याने मिळायची. सुटे अंक टिकत नाहीत म्हणून मालक दहा-दहा अंकांचे बाइंड करून घ्यायचा. बाइंडर आधी सगळी मुखपृष्ठं फाडायचा, मग कटिंगला लावून कडा सारख्या करायचा. माझ्याकडे असा एक बाइंड आहे. पुठ्ठ्यावर निळं कापड, पहिल्या पानावर लायब्ररीचा गोल शिक्का, डाव्या समासात गंजलेल्या पिनांचे तपकिरी डाग. पानाच्या टोकाला वेताळ बोलतोय आणि त्याच्या फुग्यातलं शेवटचं अक्षर कटिंगमध्ये गेलंय. 'सावध' चं 'साव' उरलंय. मुखपृष्ठ गेलं की अंकाचा क्रमांकही गेला. मग शेवटच्या पानावरच्या जाहिराती, कागदाचा पिवळेपणा, कथेचा क्रम यांवरून तर्क लढवत बसायचं.

मासिकाचं पाक्षिक झालेलं इंद्रजाल १९८१ मध्ये साप्ताहिक झालं. पुढे सलग क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी नोंद सुरू झाली आणि सगळ्यांच्या वह्या पुन्हा आखाव्या लागल्या. दर आठवड्याला चांगली गोष्ट आणायची कुठून? शेवटच्या वर्षांतले बरेच अंक मी केवळ हिशोब पुरा व्हावा म्हणून ठेवलेत, वाचायला नाही. १९९० मध्ये ते बंद पडलं तेव्हा आठशेहून अधिक अंक निघाले होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन भरलं, तिथे अनंत पैंना जीवनगौरव देण्यात आला आणि त्याच आठवड्यात ते गेले. जुन्या अंकांना भाव आला तो साधारण याच सुमाराला. ज्या गठ्ठ्याला रद्दीवाला किलोवर मोजत होता, त्यातलं तो आता एकेक वेगळं काढून ठेवतो.

त्या निळ्या बाइंडातल्या दहापैकी नऊ अंकांचे क्रमांक मी लावलेत. दहावा अडलाय. त्याचं पहिलं पान नाही, जाहिरातीचं पानही नाही. लायब्ररीतल्या कुणा वाचकाने त्याच्या समासात पेन्सिलीने ठळक लिहून ठेवलंय: १२३.