बातमीला लागणारा वेळ : नागपुरातल्या सावकाश पत्रकारितेची पार्श्वभूमी

बातमी मोबाइलवर आधी कोण टाकतो, यावर आज पत्रकाराची किंमत ठरू लागली आहे. या धावपळीला कंटाळून पाश्चात्त्य देशांत ‘स्लो जर्नलिझम’चा, म्हणजे सावकाश पत्रकारितेचा, विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये २०११ पासून याच विचाराचं एक त्रैमासिक निघतं. घटना घडून गेल्यावर, गलका ओसरल्यावर ते तिच्याकडे पुन्हा वळतं. नागपुरात मात्र अशा पत्रकारितेची मुळं शंभर वर्षांपूर्वीची आहेत.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने १९११ साली इथे ‘हितवाद’ हे इंग्रजी वृत्तपत्र सुरू झालं. मराठीत गोपाळराव ओगले यांचं ‘महाराष्ट्र’ आलं. माझ्या मते त्याहून मोलाचं काम किसन फागुजी बनसोडे यांचं. नागपूरजवळच्या मोहप्याचे बनसोडे कामगारांमध्ये आणि अस्पृश्य वस्त्यांमध्ये वावरत. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. तिथे राबणाऱ्या माणसांचं जगणं मोठ्या पत्रांत क्वचितच येई. बनसोडेंनी १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ काढली आणि पुढे १९३६ मध्ये ‘चोखामेळा’. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्यातच राहायचं, ही त्यांची पद्धत. या कामाची आठवण नागपूरच्या पत्रकारितेने फार कमी ठेवली, याची खंत वाटते.

पुढे दैनिकांचा काळ आला. ‘तरुण भारत’मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अग्रलेखांनी वाचक घडवला. १९७१ च्या डिसेंबरात ‘लोकमत’ नागपुरातून दैनिक झालं. २००७ च्या सुमारास चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या आणि सकाळच्या अंकापर्यंत थांबण्याची सवयही गेली.

नेमक्या याच काळात विदर्भातला कापूस उत्पादक शेतकरी आत्महत्या करत होता. ही एका दिवसात घडणारी घटना नव्हती. बियाण्याचा खर्च, सावकाराचं कर्ज, पडलेला भाव, कोरडवाहू जमीन हे सगळं वर्षानुवर्षं साचत गेलं होतं. कॅमेऱ्यासमोर दाखवता येईल असं त्यात काहीच नव्हतं. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ गावोगाव फिरून, त्याच घरांत पुन्हा पुन्हा जाऊन लिहीत राहिले. २००६ च्या आसपासची त्यांनी मांडलेली एक तुलना आजही अस्वस्थ करते. मुंबईच्या एका फॅशन सप्ताहासाठी ५१२ अधिकृत पत्रकार हजर होते आणि त्याच आठवड्यात विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी बाहेरून आले होते फक्त सहा. त्या सोहळ्यात मिरवत होते सुती कपडे, आणि तो कापूस पिकवणारा नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर मरत होता. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पॅकेजची बातमी सगळीकडे झळकली. ते पैसे गावात कसे उतरले, हे शोधायला मात्र मोजकेच पत्रकार मागे राहिले.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. एकेक मृत्यू सुटा पाहिला, तर चार ओळींच्या पुढे बातमी जात नाही. दवाखान्यातल्या नोंदी, फवारणीचे पंप, उंच वाढलेली कपाशी आणि औषधांची मिश्रणं एकत्र ताडून पाहणारा पत्रकारच त्यामागचं कारण सांगू शकतो. त्यासाठी जिल्ह्यात मुक्काम करावा लागतो.

अडचण इथेच आहे. नागपूरहून यवतमाळ दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथे आठवडाभर राहणाऱ्या पत्रकाराचा खर्च उचलायला आज किती संपादक तयार होतील? बहुतेक तालुक्यांची बातमी मानधनावरच्या वार्ताहराकडून येते, आणि अनेकदा जाहिराती मिळवण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात असते. अशा माणसाकडून महिनाभराच्या शोधाची अपेक्षा करणं अन्याय्य आहे. साईनाथांनी २०१४ मध्ये ‘पारी’ हे ग्रामीण वार्तांकनाचं व्यासपीठ जाहिरातीविना उभं केलं. नागपुरातल्या मराठी दैनिकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्ण पगाराचा एकेक वार्ताहर नेमून त्याला रोजच्या बातमीच्या कोट्यातून मोकळं ठेवलं, तरी निम्मं काम होईल.