कापसाच्या बंड्यांसाठी बांधलेला पूल

आमच्या गावाकडच्या नाल्यावर काळ्या दगडाचा तीन कमानींचा पूल आहे. अरुंद इतका, की समोरून एसटी दिसली की ट्रॅक्टरवाला अलीकडेच थांबतो. शेजारी नवा पूल होणार अशी बोलणी सुरू झाली आणि पारावर दोन तट पडले. एक म्हणतो जुना पाडा, दुसरा म्हणतो राहू द्या. दोघांचंही ऐकण्याआधी विदर्भातले असे पूल मुळात कशासाठी उभे राहिले ते पाहिलेलं बरं.

कापसासाठी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडकला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपली काळी माती आठवली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आज खामगावला मंत्री यायचा तरी बातमी होते! पण शेतापासून स्टेशनापर्यंत कापूस बंडीतूनच, म्हणजे बैलगाडीतूनच, जायचा आणि खरी अडचण तिथेच होती.

कापसाचा हंगाम कोरडा, मग पुलांची गरज काय, असं कोणालाही वाटेल. ज्याने भरली बंडी नाल्यात उतरवली आहे त्याला वाटणार नाही. काळ्या मातीतल्या नाल्यांचे काठ उभे तुटलेले असतात. उतरताना सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, चढताना दुसरी जोडी जुंपावी लागते, आणि तळाशी दिवाळीनंतरही चिखल असतोच. त्यात एक बंडी रुतली की मागची सगळी रांग खोळंबते. म्हणून बाजारपेठांच्या आणि स्टेशनांच्या रस्त्यांवर नाल्यानाल्यावर कमानी उभ्या राहिल्या. मोठ्या नदीवरचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे कामठीजवळचा कन्हानवरचा दगडी पूल. तिथे मात्र कापसाइतकीच लष्करी छावणीचीही गरज होती.

सामान जवळचंच. पश्चिम विदर्भ सगळा काळ्या पाषाणाचा, आणि चुन्यासाठी मातीतच चुनखडीचे खडे. ते भट्टीत भाजायचे, बैलाने ओढायच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचे. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले असतात. वरून जितकं वजन येईल तितके ते एकमेकांना घट्ट दाबतात. आत लोखंड नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. पूल वजनाने मोडेल ही पारावरची भीती म्हणून मला अर्धवट वाटते. अर्धवट अशासाठी, की वजनही वाढलंच आहे. बंडीसाठी बांधलेल्या पुलावरून आज रेतीचे ट्रक जातात, आणि तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची कायदेशीर मर्यादाच २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झाली. कायद्यात न बसणारे वेगळे.

तरी असा पूल बहुधा खालून आणि आतून जातो. पूर पायाशी भोवरा करतो, तिथली माती खरडून नेतो, आणि पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून टाकतो. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी. दुसरं दुखणं आमच्याच पुलावर दिसतं. मधल्या खांबाच्या सांध्यात पिंपळ रुजला आहे, मनगटाएवढा. मागे कोणीतरी डागडुजी म्हणून दर्शनी बाजूला सिमेंट फासलं, त्यात पाणी निघायची भोकंही बुजली. आता पावसाचं पाणी आतल्या मुरमात मुरतं आणि हिवाळ्यापर्यंत कमानीच्या पोटातून पाझरतं. बोटाने खरवडलं तर भिजका चुना नखात येतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. त्याची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. शेजारी नवा पूलही होता, तरी एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच सोडलेली होती. त्यानंतर राज्यभर इंग्रजकालीन पुलांच्या तपासण्या निघाल्या.

म्हणून ‘नवा होऊ द्या, जुना तसाच राहू द्या’ हे ऐकायला गोड असलं तरी पुरेसं नाही. नव्या पुलाचे खांब जुन्याच्या ओळीत नसले तर धार वळून जुन्याच्याच पायावर आदळते. आणि पाडून रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल, करू म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात रपट्यावरून वाहून गेलेल्या माणसांच्या बातम्या आठवाव्यात. माझं मत, नवा बांधा, जुन्यावरून ट्रक कायमचे बंद करा, बंडी, सायकल, गुरं जाऊ द्या. सिमेंट काढून सांधे पुन्हा चुन्यानेच भरा. पिंपळ नुसता छाटू नका, मुळापासून मारा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेवढाच होतो. आणि दर मोठ्या पुरानंतर, गाळ घट्ट बसायच्या आत, कोणीतरी पाण्यात उतरून प्रत्येक खांबाच्या पायाशी बांबू खुपसून बघायला हवा.