छोटा, काळा, चकचकीत... पण नवीन आहे का?

तळ्याच्या काठच्या कुजक्या पानांत जाळी फिरवली की छोटे काळे भुंगेरे मिळतातच. त्यातले बरेचसे हायड्रोफिलिडी फॅमिलीचे, म्हणजे पाण्यातलं कुजलेलं खाणारे (त्यांच्या अळ्या मात्र बहुतेक पक्क्या शिकारी). आजवर 3,000 हून जास्त जातींना नावं मिळालीत आणि अजून नवीन सापडतायत.

फॅमिली ओळखणं तसं सोपं. तोंडाजवळचे पॅल्प (चाचपायचे दोऱ्यासारखे अवयव) इतके लांब की तेच अँटेना वाटतात, खऱ्या अँटेना आखूड, टोकाला गाठ असलेल्या. हा श्वासासाठी डोकं वर काढतो, अँटेनाने पाण्याचा पृष्ठभाग फोडतो आणि हवा पोटाखालच्या बारीक केसांत ओढून घेतो, म्हणून खालून बघितलं तर पोट चांदीसारखं चमकतं. डायव्हिंग बीटल म्हणतात ते दुसऱ्या फॅमिलीचे पाण्यातले भुंगेरे याच्या उलट, मागचं टोक वर काढतात.

जात ठरवायची म्हटलं की खरी कसरत. वरून सगळे सारखेच! मग नराचं जननेंद्रिय बघावं लागतं. वाळलेला भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करायचा, मायक्रोस्कोपखाली बारीक सुईने तो भाग बाहेर काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्नायू विरघळवायचे आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून बघायचं. मधे एक दांडा, दोन बाजूंना दोन पाती, आणि त्यांच्या टोकाच्या वळणावर जात ठरते. मिलिमीटरभराच्या भागासाठी एवढा खटाटोप, पण बऱ्याच गटांत त्याला पर्याय नाही.

वेगळं दिसलं म्हणजे नवीन, असंही नाही. जुन्या काळच्या वर्णनांत कधीकधी 'काळा, लंबगोल, चकचकीत' एवढंच असतं, त्यावरून काय कळणार? मग म्युझियममधला मूळ नमुना (ज्यावरून नाव दिलं तो) काढून ताडून बघायचं, त्यातच कितीतरी वेळ जातो, आणि कधी कळतं की याला शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी नाव देऊन ठेवलंय.

एवढ्यातून टिकला तर एक नमुना होलोटाइप ठरवायचा, 1999 नंतरच्या वर्णनात मूळ नमुना कुठला ते स्पष्ट सांगणं नियमाने सक्तीचं आहे. नाव त्या एका भुंगेऱ्याला कायमचं बांधलं जातं, पुढे वाद झाला तर त्यालाच बघायचं. पेपर फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणीही लागते.

आणि नुसत्या माद्याच सापडल्या तर बोंब, कारण जवळच्या जातींच्या माद्या पुष्कळदा ओळखूच येत नाहीत. डीएनए थोडी मदत करतो, पण जुन्या नमुन्यांचा डीएनए तुटलेला असतो, त्यामुळे नर मिळेपर्यंत बरेच जण नाव द्यायचं टाळतात.