मक्तेदार भाव कुठे थांबवतो?

बाजारात एकटाच विक्रेता असला की तो वाटेल तो भाव लावतो, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. भाव त्याच्या हातात असतो. त्या भावाला किती माल खपणार, हे गिऱ्हाईक ठरवतं.

हिशेब मांडू. समजा, २० या भावाला १०० नग खपतात. भाव १ ने वाढवला की खप १० नगांनी घटतो, १ ने उतरवला की तेवढाच वाढतो. कच्चा माल आणि मजुरी धरून एका नगाला १० खर्च येतो. २० ला विकलं तर नगामागे १०, एकूण १००० सुटतात. २१ केला तर ९० नगांवर ११ प्रमाणे ९९०. १९ केला तरी ११० नगांवर ९ प्रमाणे ९९०च.

१९ चा भाव का परवडत नाही? जादा १० नगांचे १९० येतात, पण आधीचे १०० नगही प्रत्येकी १ ने स्वस्त द्यावे लागतात, तिथे १०० जातात. हाती पडतात ९०, म्हणजे जादा नगामागे ९. बनवायला मात्र १० लागतात. जादा नगामागे वाढणारी ही मिळकत म्हणजे सीमांत प्राप्ती, आणि तो बनवण्याचा खर्च म्हणजे सीमांत खर्च. प्राप्ती खर्चाच्या खाली जाऊ लागली की भाव आणखी उतरवण्यात अर्थ नाही.

आता जागेचं भाडं ६०० धरा. नफा उरला ४००. भाडं ८०० झालं की पुष्कळ जण लगेच भाव वाढवतात, आणि इथेच फसतात. नग कितीही विका, भाडं तेवढंच. म्हणून सर्वांत फायद्याचा भाव २० च राहतो, नफा तेवढा २०० वर येतो. कच्चा माल महागून नगाचा खर्च १२ झाला, तर मात्र भाव हलतो, तोही २१ पर्यंतच. आपल्या उदाहरणात खर्चातली निम्मीच वाढ गिऱ्हाइकावर टाकता येते.

भाडं १२०० झालं तर २०० तोटा. तरीही करार संपेपर्यंत धंदा चालू ठेवणंच शहाणपणाचं, कारण टाळं लावलं तरी १२०० भरावेच लागतात. करार नव्याने करताना मात्र सही करू नये.

अर्थतज्ज्ञ अबा लर्नर यांनी १९३४ मध्ये बाजारशक्तीचं, म्हणजे भाव खर्चाच्या वर ठेवण्याच्या ताकदीचं, माप सुचवलं: भावातून सीमांत खर्च वजा करा आणि भावाने भागा. आपल्या उदाहरणात ते ०.५ येतं, पूर्ण स्पर्धेत, म्हणजे कुणाही एका विक्रेत्याच्या हाती भाव नसतो तिथे, शून्य. पण नुसत्या या आकड्यावरून लूट ठरवू नये. इथे भाव १० वर आणला, तर भाडं भरायला काहीच उरत नाही.

तोटा कोणाच्या खिशातून जाणार, ते मालकीवर ठरतं. एकल मालकीत धंद्याचं कर्ज हे मालकाचंच कर्ज, घरदारही त्यात ओढलं जातं. साध्या भागीदारीत एका भागीदाराने हात वर केले, तर पूर्ण देणं दुसऱ्याकडून वसूल होऊ शकतं. मर्यादित कंपनीत भागधारकाची जोखीम शेअरच्या रकमेपुरतीच. मात्र छोट्या कंपनीला कर्ज देताना बँका अनेकदा संचालकांची वैयक्तिक हमी मागतात, आणि तिच्यावर सही केली की त्या रकमेपुरतं हे संरक्षण उरत नाही.