तिसऱ्या तारेचं दुखणं: इलेक्ट्रिक ब्लूज गिटारच्या पहिल्या धड्यामागची पार्श्वभूमी

पुण्यात कुठल्याही क्लासला ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) शिकायला जा, सुरुवात साधारण सारखीच असते. पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची धातूची पट्टी) ए मायनर पेंटॅटॉनिक ही पाच स्वरांची सप्तकरचना, मग बारा मात्रांचं नव्हे तर बारा बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा) चक्र (चार बार सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, दोन सा) आणि मग तार ताणणं, म्हणजे बेंड. स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी ऐकलेल्या कानाला त्यात नवं काही नाही. गाडी अडते ती बेंडवर.

मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात अकूस्टिक गिटारवर बाटलीची मान किंवा चाकू घासत वाजवणारे होते. त्यांचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागायचा. पेटीवर कान तयार झालेल्याला तो सुरुवातीला बेसूर वाटतो, गाण्यातल्या मींडेची सवय असलेल्याला वाटत नाही. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये तिथून शिकागोला गेला. दारूच्या बारमधल्या गोंगाटात अकूस्टिक ऐकूच जाईना, तेव्हा वर्षभरात त्याने इलेक्ट्रिक घेतली. गिब्सन कंपनीची ईएस-150 ही इलेक्ट्रिक गिटार तर 1936 पासूनच बाजारात होती.

पण नुसता आवाज वाढला असं नाही, स्वर लांबला. एका तारेवर गळ्यासारखं गाता येऊ लागलं. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगला आपल्या नात्यातल्या बुका व्हाइटसारखी स्लाइड, म्हणजे तारेवर बाटलीची मान घासत वाजवणं, जमत नव्हती. तो परिणाम साधायला त्याने डाव्या हाताची बोटं हलवून कंप काढला. आज शिकवतात तो व्हायब्रॅटो बऱ्याच अंशी तिथला आहे.

तारा मात्र जुन्याच, जाड. तिसरी तार 29 गेजची (म्हणजे इंचाचे 29 सहस्रांश), वरून वेटोळं गुंडाळलेली. कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉलकडे शिकणाऱ्या नवख्यांची बोटं नेमकी याच तारेवर हार मानत. फेंडर या गिटार कंपनीने हलका संच काढावा म्हणून त्याने विचारलं, नकार मिळाला, मग त्याने स्वतःच बनवून घेतला. त्याच सुमारास काही वादक पहिल्या जागी बँजोची तार लावून बाकीच्या एकेक घर खाली सरकवत होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले बॉलचे स्लिंकी संच याच जुगाडातून आले. नेहमीच्या 10-46 संचात (सर्वांत बारीक तार 10 ची, सर्वांत जाड 46 ची) तिसरी तार 17 ची, बिनवेटोळ्याची असते. दुकानदाराने हातात 11 किंवा 12 चा संच दिला तर परत करा. सुरुवातीला 9-42 बरा.

आता बेंड. तिसरी तार, सातवा फ्रेट: मध्यम. अनामिकेने दाबा, मधलं बोट आणि तर्जनी त्याच तारेवर मागे टेकू द्या, अंगठा मानेवरून वर काढा आणि मनगट फिरवून तार वर ढकला. पोचायचंय पंचमावर, म्हणून आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून तो स्वर कानात ठेवा. स्वर खाली राहतो याचं कारण बहुधा एकच: जोर मनगटातून न लावता एकट्या बोटाने लावलेला. तार सोडल्यावर मूळ मध्यमच उतरला तर तार नवी आहे किंवा नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, बोट अडखळतं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा.

ॲम्पची (गिटारचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) गोष्टही अशीच. लहान व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण उघडले की आवाज फाटायचा, आणि तोच लोकांना आवडला. सोसायटीत तेवढं उघडणं शक्य नाही. 10 वॉटचा ॲम्प पुरतो: गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण ठरवणारं बटण) निम्म्यावर, व्हॉल्यूम कमी. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारं एका वेटोळ्याचं चुंबक) घरच्या विजेची 50 हर्ट्झची घरघर पकडतं. गिटारची दिशा बदलली की ती कमी-जास्त होते, त्यात बिघाड नाही. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तरी चालेल, झिणझिण्या आल्या तर मात्र लगेच बंद करा. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत अर्थिंग कधी नसतं, कधी असून तुटलेलं असतं. तीन पिनी प्लगला दोन पिनी जोड लावून वाजवू नका, आधी वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या.